त्याला काकडीच आवडते, मग बिघडलं कुठे?

वाचकाचं पत्र :

‘आमच्याकडे चार वर्षांचं हर्मन जातीचं कासव आहे. नाव गोटू. काकडी, टोमॅटो, लेट्यूस आणि केळं, एवढंच तो खातो. मध्यंतरी मुलीने मांजराच्या खाण्यातले दोन-चार दाणे टाकले, तेही त्याने चाटूनपुसून खाल्ले. पानं घातली की हुंगतो आणि तोंड फिरवून चालू लागतो. ‘आहारात विविधता ठेवा’ असं सगळेच सांगतात, म्हणून आम्ही रोज चार रंगांचं ताट लावतो. तरीही हल्ली त्याच्या पाठीवरचे खण मधोमध वर उचलल्यासारखे दिसू लागलेत. आम्ही कुठे चुकतोय? पानांची सवय लावायची तर त्याला उपाशी ठेवावं लागेल का? या विचारानेच मुलगी रडवेली होते. नेमकं काय द्यावं, किती द्यावं, ते कृपया सांगा.’

*

आधी मुलीला जवळ घ्या आणि सांगा, की गोटूला उपाशी ठेवायचं नाही. त्याच्यासमोर रोज खाणं असणार आहे, फक्त ते हळूहळू बदलणार आहे.

आता तुमचं चार रंगांचं ताट. ते तुम्ही किती मायेने लावत असाल याची मला कल्पना आहे, म्हणून हे सांगताना थोडं जड जातंय. रंग चार असले तरी कासवाच्या पोटाच्या हिशेबाने ते एकच खाणं आहे. काकडी, टोमॅटो आणि पांढुरकं कुरकुरीत लेट्यूस या तिन्हींत शंभर ग्रॅममागे साधारण 95 ग्रॅम पाणीच असतं. केळ्यात पाणी कमी, पण त्याची भरपाई साखर करते : शंभर ग्रॅमला सुमारे 12 ग्रॅम. चोथा म्हणावा असा कशातच नाही. माणसाच्या जेवणात विविधता म्हणजे रंग, चवी, प्रकार. कासवासाठी विविधता म्हणजे पानं. आज या झाडाचं, उद्या त्या तणाचं. तुम्हाला-मला ते सगळं एकसारखं हिरवं दिसतं, पण त्याचं पोट त्यातला फरक ओळखतं.

गोटूचे भाऊबंद कुठे राहतात ते डोळ्यांसमोर आणा. स्पेनचा पूर्व भाग, दक्षिण फ्रान्स, इटली आणि तिथून पुढे बाल्कन देश. खडकाळ उतार, काटेरी झुडपं, वसंतात पुरेशी हिरवळ आणि उन्हाळ्यात सगळं कोरडंठाक. तिथे हे कासव दिवसभर थोडं थोडं चालतं आणि वाटेत येणाऱ्या तणांची पानं, फुलं, कोवळे देठ तोडत जातं. एका जागी दोन घास, पुढच्या झुडपाखाली चार. फळ एखाद्या वेळी खाली पडलेलं मिळालं तर मिळालं. पिवळा-लाल रंग दिसला की ते धावून जातं (हो, कासवंही धावतात), कारण रानात अशी चैन क्वचितच वाट्याला येते. तुमच्याकडे ती चैन रोज सकाळी ताटात येते. म्हणजे गोटू हट्टी नाही, तो त्याच्या स्वभावाप्रमाणेच वागतोय. पण आवड आणि गरज या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या उलट दिशेला आहेत.

पोटात काय होतं तेही समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. कासव पान नीट चावत नाही, त्याला दातच नसतात. चोचीने तुकडा तोडायचा आणि गिळायचा. खरं काम होतं ते मोठ्या आतड्यात. तिथे असंख्य सूक्ष्मजीव तो चोथा आंबवतात आणि त्यातून कासवाला ऊर्जा मिळते. हे काम सावकाश चालतं. एक घास आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडेही जातात. अशा आतड्यात रोज साखर ओतली, की चोथ्यावर जगणारे सूक्ष्मजीव मागे पडतात, भलतेच फोफावतात, एकपेशीय परजीवींनाही मोकळं रान मिळतं आणि विष्ठा पातळ होते. गोटूची विष्ठा कशी असते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घट्ट, गडद, तंतुमय, तुकडा मोडला तर आत गवताचे धागे दिसावेत अशी असली तर उत्तम. ओली, वास मारणारी असली तर त्याचं कारण बहुतेक केळ्यातच आहे.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. चार वर्षांचं कासव म्हणजे वाढतं लेकरू. त्याला स्वतःचा सांगाडा तर बांधायचाच असतो, शिवाय पाठीवर हाडांचं एक अख्खं घर उभं करायचं असतं. त्यासाठी खाण्यात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवं, चौपट असेल तर आणखी बरं. तुमच्या ताटात हिशेब उलटा आहे. केळ्यात शंभर ग्रॅममागे 5 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 22 मिलिग्रॅम फॉस्फरस. टोमॅटोत 10 आणि 24. काकडीत 16 आणि 24. लेट्यूसमध्ये जेमतेम बरोबरी. फॉस्फरस असा वरचढ झाला की शरीर रक्तातलं कॅल्शियम सावरण्यासाठी हाडांतूनच उचल घेऊ लागतं. हे महिनोन्‌महिने चाललं तर कवच मऊ पडतं, पायांची हाडं वाकतात, चालताना पोट जमिनीवर घासायला लागतं. आता डँडेलियन या तणाचं पान बघा : 187 कॅल्शियम, 66 फॉस्फरस. सलगमाच्या पानांत 190 आणि 42. फड्या निवडुंगाच्या कोवळ्या फडात 164 आणि 16, म्हणजे जवळजवळ दसपट. ज्या गोष्टींकडे आपण तण म्हणून बघतो, त्यांतच त्याचं हाड आहे.

म्हणून आज एक करा. गोटूचं पोटाकडचं कवच बोटाने हलकेच दाबून बघा. या वयात ते टणक लागायला हवं. दाबल्यावर पुठ्ठ्यासारखं दबत असेल, तर माझं पुढचं काहीही वाचायच्या आधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. तिथे एक्स-रे काढून हाडांची स्थिती कळते.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण माझं पहिलं कासव मी काकडी-टोमॅटोवरच वाढवलं. ज्याने विकलं त्यानेच तसं सांगितलं होतं आणि मीही कधी शंका घेतली नाही. दीड वर्षाने तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी कवचावर अंगठा दाबला आणि तिथे चक्क खळगा पडला. तो क्षण मी विसरलेले नाही. ते वाचलं, पण त्याचे मागचे पाय शेवटपर्यंत थोडे वाकडेच राहिले.

पाठीवरच्या उंचवट्यांचं काय? पुष्कळ वर्षं समजूत अशी होती, की जास्त प्रथिनं खाल्ली की खण वर उचलले जातात. 2003 मध्ये आफ्रिकन सुल्काटा कासवांच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांचे खण जास्त उंच झाले, दमट हवेत वाढलेल्यांचे कमी. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. म्हणजे गोटूच्या पाठीचा सगळा दोष ताटाला देऊ नका. त्याच्या घरात मातीचा एक कोपरा कायम ओलसर ठेवा, त्यात त्याला पुरून घेऊन झोपता यावं. आलेले उंचवटे काही सपाट होणार नाहीत, पण खणांच्या कडेला जी नवी वाढ होईल ती गुळगुळीत येऊ लागली, की समजा गाडी रुळावर आली. मांजराचं खाणं मात्र पूर्ण बंद. त्यातली प्राणिज प्रथिनं आणि चरबी हर्मन कासवाच्या मूत्रपिंडांना आणि यकृताला झेपत नाहीत. युरिक अ‍ॅसिड साठत जातं आणि सांधे सुजतात. चार दाण्यांनी काही झालेलं नाही, मुलीला अपराधी वाटू देऊ नका.

तर मग द्यायचं काय?

रोजच्या खाण्याचा मोठा भाग रुंद पानांच्या तणांचा. डँडेलियन हे त्यातलं पहिलं नाव, ज्याची पिकलेली बी म्हातारीसारखी हवेत उडते ते (रुईची म्हातारी वेगळी, ती रुई त्याला द्यायची नाही). मग प्लँटेन, म्हणजे इसबगोलाच्या जातकुळीतलं तण. केळ्याशी त्याचा काही संबंध नाही, नावावरून गोंधळ होतो म्हणून सांगितलं. क्लोव्हर थोड्या प्रमाणात, कारण ते कडधान्याच्या कुळातलं आणि प्रथिनांनी जड. जास्वंदीची पानं आणि फुलं दोन्ही, फुलांवर तर कासवं जीव टाकतात आणि इथे लाल रंगाची हौस भागवायला काहीच हरकत नाही. तुतीची आणि द्राक्षवेलीची पानं, गुलाबाच्या पाकळ्या, फड्या निवडुंगाचा काटे नि कूस काढलेला फड. यातले एका वेळी तीन-चार प्रकार मिसळायचे आणि दर दोन दिवसांनी त्यातला एखादा बदलायचा. सगळं एकाच दिवशी जमवायची गरज नाही. महिन्याभरात दहा-बारा प्रकारची पानं त्याच्या पोटात गेली, तरी ती खरी विविधता.

तणं मिळत नाहीत तेव्हा चिकोरी, एन्डाइव्ह, अरुगुला ही सॅलडची पानं, सलगमाचा पाला यांवर भागवा. पालक आणि चार्ड टाळा. त्यांत कॅल्शियम असतं, पण ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ते धरून ठेवतं आणि शरीराला लागू देत नाही. कोबी, केल, ब्रोकोली एखाद्या वेळी चालतील, रोज नकोत, त्याने थायरॉइडला आयोडीन मिळण्यात अडथळा येतो. पाव, भात, दूध, चीज यांतलं काहीही नको. कासवांसाठीच्या, भरपूर चोथ्याच्या गोळ्या मिळतात, त्या भिजवून आठवड्यातून एकदा दिल्या तर चालतं. पण त्यांच्यावरच भिस्त ठेवू नका.

फळ हर्मनला जवळजवळ नाहीच. महिन्यातून एकदा नखाएवढा स्ट्रॉबेरीचा तुकडा दिला तर दिला. केळं मात्र आजपासून बंद.

किती द्यायचं, याला माझं माप असं : गोटूच्या कवचाएवढा, पानांचा सैल ढीग, दिवसातून एकदा, सकाळी. पानं धुऊन ओलसरच ठेवा, तेवढंच पाणी पोटात जातं. वाळू किंवा मातीवर न ठेवता सपाट दगडावर किंवा फरशीवर ठेवा. वाळू पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं, आणि खडबडीत दगडावर चोच व नखं आपोआप झिजतात. सवय लागली की पानं चिरूही नका. अख्खं पान दिलं, की कासव ते पुढच्या पायाखाली दाबतं, मान मागे खेचतं आणि टरकावतं. या ओढाताणीत चोच झिजते. सतत मऊ फोडी खाणाऱ्या कासवाची चोच पोपटासारखी वाढते आणि मग कापून घ्यावी लागते. गोटूची बघा एकदा.

सवय बदलायला घाई नको. पहिल्या दिवशी त्याची नेहमीची काकडी आणि टोमॅटो अगदी बारीक चिरा, त्यात चिकोरीसारखं सौम्य पान तेवढंच बारीक चिरून मिसळा. काकडी तीन भाग, पान एक भाग. त्याला काकडी वेचून खाता येऊ नये इतकं एकजीव झालं पाहिजे. दर तीन-चार दिवसांनी काकडी कमी, पान जास्त. मधे कधी टोमॅटोचा गर पानांना चोळून द्या. पिवळी फुलं वर ठेवा, तो रंगाला भुलून तोंड घालेल आणि खालचं पानही तोंडात जाईल. संध्याकाळी उरलेलं उचलून टाका. आणि एक लक्षात ठेवा : त्याने ताट नाकारलं म्हणून त्या रात्री काकुळतीने केळं देऊ नका. तेवढ्या एका केळ्याने तो शिकतो, की थांबलं तर मिळतं. धडधाकट कासव तीन-चार दिवस नीट खाल्लं नाही तरी त्याला काही होत नाही. मोठ्या आतड्यात आठवड्याभराची शिदोरी असतेच. माझ्या दुसऱ्या कासवाने तेरा दिवस घेतले. बाराव्या दिवसापर्यंत ते पानांवरून चालत जायचं, तेराव्या दिवशी सकाळी डँडेलियन फाडल्याचा आवाज आला.

मात्र ताट लावण्याआधी त्याला ऊब मिळालेली हवी. पुष्कळ वेळा ‘पानं खात नाही’ ही तक्रार खरं तर थंडीची असते. कासवाचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं. अंग गार असेल तर भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. दिव्याखालची जागा 32 ते 35 अंश सेल्सियस आणि घराचं दुसरं टोक 20-22 च्या आसपास असावं, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. हिवाळ्यात कोमट खोलीत तो अर्धवट जागा, अर्धवट झोपेत राहतो, त्याला खायला सुचत नाही आणि अंगातली ऊर्जा तर खर्च होत राहते. हा काळ सगळ्यात धोक्याचा. एक तर त्याला पूर्ण उबेत ठेवा, नाहीतर शीतनिद्रेसाठी पशुवैद्याच्या देखरेखीखाली पोट रिकामं करून नीट झोपवा.

आणि उजेड. कॅल्शियम कितीही दिलं तरी ते शोषून घ्यायला ड-3 जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्वचेत तयार होतं उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी निरुपयोगी, कारण साधी काच हे किरण अडवते. गोटू बंद काचेमागे ऊन खात असेल, तर त्याला ऊब मिळते, एवढंच. त्याला उघड्यावर, अर्ध्या भागात सावली असलेल्या बंदिस्त जागेत खरं ऊन मिळू द्या. ते शक्य नसेल तर यूव्हीबीची नळी लावा. ही नळी डोळ्यांना पेटलेली दिसत राहते, पण सहा ते बारा महिन्यांत तिचे यूव्हीबी किरण क्षीण होतात, तेव्हा लावल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

वरून कॅल्शियम हवं, तर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर पानांवर भुरभुरवा. समुद्रफेनाचा, म्हणजे कटलफिशच्या आतल्या कवचाचा, तुकडा घरात टाकून ठेवा, गरज वाटेल तेव्हा तो स्वतःच कुरतडेल. आफ्रिकेतली बिबट्या कासवं याच ओढीने रानात पडलेली हाडं चघळतात. ड-3 असलेली औषधं मात्र आपल्या मनाने वाढवू नका, ती जास्त झाली तर कॅल्शियम भलत्या अवयवांत जाऊन बसतं.

पाण्याचं थोडक्यात : उथळ भांड्यात रोज ताजं पाणी, आणि आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, हनुवटीपर्यंत पाणी येईल इतपत. काकडी बंद केल्यावर हे जास्तच जरूरीचं आहे, कारण आजवर त्याचं बरंचसं पाणी काकडीतून येत होतं. लघवीबरोबर पांढरा पदार्थ पडतो. तो मलईसारखा असावा. वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय.

तण खुडताना दोन पथ्यं. जिथे कीटकनाशक किंवा तणनाशक फवारतात, तिथलं काही नको, आणि रहदारीच्या कडेचंही नको. रोपवाटिकेतून आणलेलं रोप लगेच खायला देऊ नका. त्यात मुरलेलं औषध पानांत उतरतं, म्हणून नवी माती घालून काही महिने वाढवा आणि जुनी पानं काढून टाका. कण्हेर, रुई, घाणेरी, डिफेनबॅकिया, डॅफोडिल, अझेलिया, फॉक्सग्लोव्ह आणि अव्होकाडो हे त्याच्या वाटेतही असता कामा नयेत. ओळख पटली नाही ते पान द्यायचं नाही, इतका साधा नियम पुरे.

हे सगळं हर्मनसाठी, आणि बव्हंशी ग्रीक व हॉर्सफील्ड कासवांसाठीही. तुमच्यासारखीच पत्रं इतरांचीही येतात म्हणून सांगते : सुल्काटा आणि बिबट्या कासव मुख्यतः गवतावर जगतात, त्यांना वाळलेलं गवतही लागतं. उलट लालपायी कासव पावसाळी जंगलाच्या कडेचं, त्याच्या आहारात फळं, अळंबी आणि थोडंसं मांसही बसतं. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावू नका.

तुमच्या मुलीला या कामात घ्या, तिचं रडू आपोआप थांबेल. दोन-तीन पसरट कुंड्या आणा, कीटकनाशक नसलेल्या मातीत डँडेलियन, प्लँटेन आणि क्लोव्हरचं बी पेरा. एक कुंडी गोटूच्या अंगणात, बाकीच्या वाढत. पहिली कुरतडून झाली की अदलाबदल. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी आंघोळीआधी त्याचं वजन ग्रॅममध्ये करून तिने वहीत लिहावं. आकडा जागेवर असेल, तो चालता-फिरता असेल, ऊन खायला येत असेल, तर त्याने पानं नाकारली तरी धीर धरा. आकडा दहा टक्क्यांनी उतरला, डोळे खोल गेले किंवा मिटलेले राहू लागले, नाकातून बुडबुडे आले, किंवा आठवडा उलटला तरी त्याने काहीच तोंडात घातलं नाही, तर वही बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जा. आणि महिन्याभराने चोचीच्या कडेला हिरवा डाग दिसला, तर मला नक्की कळवा.